गोथेनबर्गचा दवाखाना आणि बाहेरचं बाकडं

स्वीडनहून परत आल्यापासून इथं आमच्या मुकुंदवाडीत चहाला बसलो की लोक मला दोनच गोष्टी विचारतात. तिकडं रात्री पण उजेड असतो म्हणे, खरं का? आणि खायला काय मिळतं? दोन्हीची उत्तरं मी खुशीनं देतो. उजेड असतो, जेवून झोपायला गेलं तरी खिडकीत संध्याकाळ तशीच उभी. खायला उकडलेला बटाटा, काळा आंबूस पाव आणि दालचिनीचा एक गोड पाव, तो मात्र मी रोज खाल्ला. दवाखान्याचं कोणी विचारत नाही. विचारायचं कशाला? परदेशात जाऊन दवाखाना बघून येणारा माणूस फुटक्या नशिबाचा समजायचा. पण मी तिथला दवाखानाच जास्त पाहिला. त्याच्या आतला भाग नाही, बाहेरचं बाकडं.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील वेरूळजवळच्या शिवारात बैलामागं चालले, मी बी.ए., बी.एड. करून हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. सुमन, म्हणजे माझी बायको, चौथी शिकलेली. आमची एकुलती एक मुलगी वर्षा इंजिनियर झाली, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला गोथेनबर्गला पाठवलं. उन्हाळ्यात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. जावई तेव्हा कामानिमित्त दुसऱ्या शहरात होते, त्यामुळं घरात आम्ही तिघंच.

वर्षाच्या घरी

गोथेनबर्ग हे बंदराचं गाव. रस्त्यातून निळ्या-पांढऱ्या ट्राम चालतात आणि गावाबाहेर समुद्राला वाळू नाही, खडक आहेत. हत्तींचा कळप पाण्यात बसलाय असे राखाडी, गुळगुळीत. लोक त्यावर टॉवेल टाकून ऊन खात पडतात. आपण सावली शोधतो, हे ऊन शोधतात.

चप्पल दाराशीच काढायची पद्धत मात्र अगदी आपल्यासारखी. सुमनला तेवढ्यावरूनच ते लोक चांगले वाटले. "लई सोवळ्याचे हायेत गं," असं ती वर्षाला म्हणाली. धुणं धुवायचं मशीन बिल्डिंगच्या तळघरात, सगळ्यांना मिळून एक, आणि त्यासाठी आधी वेळ लावून ठेवायची. वर्षानं सांगितलं, इथं दोन गोष्टींवरून भांडणं होतात, दुसऱ्याच्या वेळेत धुणं धुतलं तर आणि मोठ्यानं बोललं तर. हे म्हणताना ती माझ्याकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी सुमननं ठेच्यासाठी विजेच्या शेगडीवर मिरच्या भाजल्या. छताला चिकटवलेलं, धूर झाला की वाजणारं पांढरं डबडं असं काही बोंबललं की मला वाटलं विमानच कोसळतंय. वर्षा हातातलं काम टाकून धावत आली, टॉवेलनं डबड्याला वारा घालायला लागली. शेजारचा उंच म्हातारा दारात येऊन उभा. खोकत खोकत त्यानं काहीतरी विचारलं. वर्षा म्हणाली, "अण्णा, ते विचारतायत, काय जळतंय?" मी म्हटलं, "सांग त्यांना, मराठवाडा." सुमन इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. आम्हाला वाटलं हसून बसली. उठायला तिला वेळ लागला, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

खडकावर

पुढच्या रविवारी आम्ही समुद्रावर गेलो. खडकावरून चालताना सुमन माझ्यामागं होती. मी वर्षाला आमच्या शाळेच्या सहलीची गोष्ट सांगत होतो. मागं काहीतरी सरकल्यासारखा आवाज आला. वळून बघितलं तर सुमन खडकावर आडवी, पदर पाण्यात.

जवळच पडलेली एक गोरी आजी पोहायच्या कपड्यांतच धावत आली. तिनं सुमनचे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले. सुमनसारख्या बाईच्या पायांना अनोळखी माणसानं हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला. आजी सुमनच्या तोंडाजवळ वाकून तिलाच इंग्रजीत विचारत होती, काय होतंय, काय होतंय. उत्तर मी दिलं. "नथिंग, नथिंग. सन. टू मच सन."

सुमननंही डोळे उघडून तेच म्हटलं, "काय नाय, ऊन लागलं."

ऊन! आमच्याकडं वैशाखात तापलेल्या गच्चीवर जाऊन ही बाई कुरडया वाळवती. तिला स्वीडनचं ऊन लागलं.

हेच आमच्या औरंगपुऱ्यात झालं असतं तर काय झालं असतं, ते मी नीट सांगू शकतो. रिक्षात घातलं असतं, ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं असतं, मी फोन करून नंबर पुढं लावून घेतला असता. डॉक्टरनं मला विचारलं असतं, "बोला सर, काय होतंय मॅडमना?" मी म्हटलं असतं, अशक्तपणा. एक सलाईन, एक लाल रंगाचं इंजेक्शन सलाईनमध्ये, आणि संध्याकाळी घरी. बाई घरी येऊन स्वयंपाकाला लागली असती. यात कोणाला काही खटकलं नसतं. मला तर मुळीच नाही.

दवाखाना

वर्षानं फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मी विचारलं, "कोणी ओळखीचं हाय का तिथं?" ती म्हणाली, "अण्णा, इथं ओळख लागत नाय." मला ते खोटं वाटलं. ओळखीशिवाय बरं होणारा माणूस मी पाहिलेला नव्हता.

दवाखाना एखाद्या शाळेसारखा, लाल विटांचा, बैठा. दारात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, त्या बुटांवर चढवायच्या. आत बसलेली माणसं एकमेकांपासून लांब लांब, एक खुर्ची मध्ये सोडून, आणि इतकी गप्प की मला परीक्षेच्या हॉलची आठवण झाली. पेशंट एकेकटे आलेले. आम्ही तिघं एका पेशंटबरोबर, डब्यासकट. सुमननं सकाळी उठून दशम्या केल्या होत्या, दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस जाणार, या हिशेबानं.

थोड्या वेळानं एक दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कोपरापर्यंत हात उघडे, हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. मला वाटलं आया असेल. त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्याकडं शिपाई ओरडतो, तिथं डॉक्टर बाहेर येऊन पेशंटला घेऊन जातो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हटलं, "सुमन?"

मी उठून उभा राहिलो. "येस, येस."

आता यावर लोक हसतील, पण खरं सांगतो, सुमन उठलीच नाही. ती बसून राहिली, कारण तिला त्या नावानं चारचौघांत हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. माहेरची माणसं गेली. घरी मी "वर्षाची आई" म्हणतो, गल्लीत "सरांच्या मिसेस". डॉक्टर माझ्याकडं बघून हसल्या, मग तिच्याकडं बघून पुन्हा म्हणाल्या, "सुमन?" तेव्हा ती हळूच म्हणाली, "व्हय, मीच."

वर्षा आत यायला निघाली तर तिला थांबवलं. घरच्या माणसाला दुभाषा करत नाहीत, म्हणे. मला मात्र नवरा म्हणून सुरुवातीला येऊ दिलं. टेबलावर एक फोन होता, त्यातून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, शुद्ध मराठी. "नमस्कार. मी दुभाषी आहे. या खोलीत बोललेलं सगळं मी भाषांतर करून सांगेन. इथलं काहीही मी बाहेर सांगणार नाही."

परमुलखात मराठी ऐकून मला भरून आलं. "अरे वा, ताई! कुठल्या तुम्ही? पुण्याच्या का?"

फोनमधल्या बाईनं ते लगेच डॉक्टरला त्यांच्या भाषेत सांगितलं. मग मला म्हणाली, "माफ करा, मला माझ्याबद्दल बोलता येत नाही." मी जरा हिरमुसलो.

डॉक्टर सुमनकडं वळून बोलल्या आणि फोनमधून मराठी आलं, "माझं नाव कारिन. मी डॉक्टर आहे. तुम्हाला काय त्रास होतो?"

मी खुर्ची पुढं ओढली. "त्याचं असं हाय, तिला ऊन..."

"मला सुमनकडून ऐकायचं आहे," फोन म्हणाला.

सुमननं माझ्याकडं बघितलं. वर्गात फळ्याजवळ उभं केलेलं पोरगं मास्तरकडं बघतं तसं. मी खाली मान घालून, ओठ फारसे न हलवता, तिला म्हणालो, "चक्कर आली एवढंच सांग. बाकीचं काही काढत बसू नको. ह्ये लोक उगाच वाढवतात, आपल्याला परत जायचंय."

मग फोनमधली बाई बोलायला लागली. त्यांच्याच भाषेत, सावकाश, एकही शब्द न गाळता. ती भाषा मला येत नाही, पण डॉक्टरचा चेहरा बदलत गेला तो मला वाचता आला.

"ते पण सांगितलं का तुम्ही?" मी म्हणालो.

आणि त्या बाईनं तेही सांगितलं.

माझ्या कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. चाळीस वर्षं मी बायकोला असं हळूच, ओठ न हलवता, सांगत आलोय. लग्नात, बारशात, बँकेत, डॉक्टरकडं. ते तिसऱ्यानं ऐकायचं नसतं. ऐकलं तरी ऐकलं नाही असं दाखवायचं असतं, ही आपली रीत. त्या फोनला रीत माहीत नव्हती. त्यानं माझं बोलणं उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि आता आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत होतो.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्यांनी हात दाराकडं केला. "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?"

"मी नवरा आहे तिचा."

"हो," फोन म्हणाला. "म्हणूनच."

बाकडं

बाहेर वर्षा बसली होती, दशम्यांचा डबा मांडीवर. "तुम्ही बाहेर कसे?"

"काढलं मला."

ती हसायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली. मी विचारलं, "तुला काही माहीत हाय का? तिला काय होतंय ते?"

"मला कुठून माहीत असणार?"

"रोज तर बोलता फोनवर."

"कोण बोलतंय? फोन तुमच्या हातात असतो, अण्णा. तुम्हीच सांगता, 'तुझी आई मजेत हाय.' आई मागून भांडी घासता घासता म्हणती, 'व्हय गं, मजेत.' एवढंच माझं अन् आईचं बोलणं."

समोर भिंतीवर एका मोठ्या सांगाड्याचं चित्र होतं, ते बघत बसलो.

दारातून शब्द कळत नव्हते, आवाज येत होता. आधी फोनचा. मग सुमनचा. तो आवाज माझ्या ओळखीचा, पण ती एवढं सलग बोलते हे माझ्या ओळखीचं नव्हतं. थांबत होती, पुन्हा बोलत होती. मध्येच एकदा हसली. एका अनोळखी गोऱ्या बाईपुढं आणि एका न दिसणाऱ्या बाईच्या आवाजापुढं माझी बायको हसली, आणि कशावर, ते मला कधीच कळणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं.

दार उघडलं. डॉक्टरनं मला आत घेतलं, पण माझ्याशी बोलायच्या आधी सुमनला विचारलं. फोनमधून आलं, "तुमच्या नवऱ्याला हे सांगितलं तर चालेल का?"

माझ्या बायकोचं दुखणं मला सांगायला माझ्या बायकोची परवानगी! आपल्याकडं पेशंटला न सांगता आधी नवऱ्याला बाजूला घेतात. मी सुमनकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं विचार केला.

"सांगा," ती म्हणाली. "पण सगळं नको."

डॉक्टरनं सांगितलं ते असं. रक्त फार कमी झालंय. पाळी कधीचीच थांबली होती, पण वर्षापेक्षा जास्त दिवस मधूनमधून अंगावरून जातंय. या वयात हे होऊ नये. साधं काही असू शकतं किंवा वाईटही. मोठ्या दवाखान्यात तपासायला हवं, आणि ते लवकर.

मला त्या वेळी आठवलं ते मागच्या श्रावणातलं वेरूळ. घृष्णेश्वराला आम्ही दर श्रावणात जातो. मी सदरा काढून, उघड्या अंगानं रांगेत उभा राहिलो, तर ही बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. गुडघा दुखतोय म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिला बोललो, "एवढ्या लांब यायचं अन् देवाच्या दारात फतकल मारायची." ती म्हणाली, "तुम्ही घ्या माझ्या वाटचं दर्शन." मी घेतलं. देवळात का आली नाही, हे देवाला माहीत असेल. मला विचारायचं सुचलं नाही.

काचेपलीकडं

मोठ्या दवाखान्यात तिला आत एकटीलाच नेलं. डोक्यावरून पदर घेऊन चालणारी माझी बायको, सोबत गुलाबी क्रॉक्स घातलेली नर्स, तिच्या हातात तसाच एक बोलता फोन. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सरबताचा पेला होता. "लई जपून करतात," एवढंच म्हणाली. तिथं गर्दी नाही, वास नाही, कोणी खेकसत नाही. हे आधी पाहिलं असतं तर मी मुकुंदवाडीत येऊन त्याचं गुणगान गायलं असतं. आता मला त्या स्वच्छ भिंतींकडं बघवत नव्हतं. त्यांच्यामुळं तिला बोलता आलं, आणि माझ्यामुळं आलं नव्हतं.

तपासणीचं उत्तर यायला दिवस लागणार होते. ते दिवस आम्ही कसे काढले ते लिहीत नाही. मी तिला दोनदा विचारलं, "डॉक्टरला आणखी काय सांगितलंस?" ती कणीक मळता मळता म्हणाली, "सांगितलं त्या बाईला. झालं." रागानं नाही. भाजी संपली हे सांगावं तसं.

दवाखान्याचा फोन आला तो वर्षाच्या मोबाईलवर, मराठी दुभाषीसकट, पण मागितलं सुमनला. वर्षानं फोन तिच्या हातात दिला. सवयीनं माझा हात पुढं झाला होता. सुमननं तो हात बघितला, फोन कानाला लावला, गॅलरीत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. मी आतून तिच्या पाठीकडं बघत उभा. ती मान हलवत होती. बोलली कमी. मग फोन खाली घेतला तरी लगेच वळली नाही, खालची ट्राम जाईपर्यंत तशीच उभी राहिली. दार उघडायची माझी छाती झाली नाही.

ती आत आली. आधी वर्षाच्या गालावरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "साधं निघालं. गाठ हाय, पण साधी. घरी गेल्यावर काढून टाकायची, अन् रक्ताच्या गोळ्या चालू ठेवायच्या."

त्या दिवशी तिनं भाकरी केल्या. मिरच्या भाजायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडल्या.

औरंगपुरा

घरी आल्यावर आम्ही औरंगपुऱ्याच्या बाजूला एका बाई डॉक्टरकडं गेलो. मी मुद्दाम बाई डॉक्टर शोधली होती. केबिनमध्ये नेहमीप्रमाणं पुढचा पेशंट आधीच आत आणून बाजूच्या स्टुलावर बसवलेला, एक तरणी बाई, मागं तिचा नवरा उभा. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "बोला सर, काय त्रास आहे मॅडमना?"

मी उठलो. हेडमास्तरकीचा आवाज काढला आणि स्टुलावरच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला म्हणालो, "चला, आपण जरा बाहेर थांबू."

"आमचा नंबर हाय, काका," तो म्हणाला.

"हाय ना. कुठं पळतोय नंबर?"

मी त्यांना घेऊन बाहेर आलो, दार लावून घेतलं, बाकड्यावर बसलो. आपण काहीतरी केलं असं वाटत होतं. आतून काहीच ऐकू येईना. थोड्या वेळानं डॉक्टरनंच दार उघडलं. "सर, या आत. या काही बोलतच नाहीयेत."

आत सुमन मान खाली घालून बसली होती. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

आणि मी सांगितलं. रक्त कमी, अंगावरून जाणं, गाठ, तिकडच्या तपासण्या. पाठ केलेला धडा म्हणावा तसं. डॉक्टर लिहून घेत होत्या. "आणखी काही?"

या प्रश्नाला मी आजवर "नाही, एवढंच" असं उत्तर देत आलोय. तोंडात तेच आलं होतं. मी सुमनकडं बघितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं.

"आणखी आहे," मी म्हणालो. "पण ते मला माहीत नाही."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. मला माझीच लाज वाटली, एवढा शिकलेला माणूस, चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या पोटात काय दुखतं ते मला माहीत नाही असं परक्या बाईपुढं बोलून बसलो. सुमननं मान वर केली. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग पदर सोडला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि डॉक्टरला म्हणाली,

"ह्यांना जरा बाहेर बसवा."

मी बाहेर आलो. बाकड्यावर तो तरणा नवरा बायकोशेजारी पाय हलवत बसला होता. माझ्यासाठी सरकला आणि हसत म्हणाला, "काय काका, काढलं का बाहेर?"

"व्हय," मी म्हणालो. "काढलं."